शिफ्ट सोडून व्हिडिओ आणि पीडीएफवर घर चालवायचं ठरवलं तेव्हा काय काय करावं लागलं

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मी व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालून धातू कापणाऱ्या मशीनवर, सेटर कम प्रोग्रामर होतो, मशीन लावून द्यायचो आणि प्रोग्राम लिहायचो, आता नाही. आता घर चालतं ते मशिनिंग शिकवणाऱ्या मराठी व्हिडिओंवर, त्याच्याबरोबर विकल्या जाणाऱ्या सरावाच्या पीडीएफवर आणि एका रेकॉर्डेड कोर्सवर. हे कळलं की समोरचा पहिलं विचारतो किती मिळतात आणि दुसरं विचारतो मी पण सोडू का. पहिल्याचं उत्तर महिन्याला बदलतं. दुसऱ्यासाठी हे लिहायला बसलोय, कारण फोनवर अर्ध्या तासात सांगून होत नाही आणि माझं अर्धवट ऐकून कुणी राजीनामा टाकला तर मला झोप लागणार नाही.

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजेल. माझं जे काही विकलं जातं ते नोकरीत शिकलेलंच आहे. दुसरं काही नाही. कोल्हापुरात मशीनवरची माणसं कमी नाहीत, उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून ही कला इथल्या घराघरात आहे, माझ्या वडिलांनी तिथंच लेथवर आयुष्य काढलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी, सगळीकडं फाउंड्रीत कास्टिंग ओतायचं आणि मशीन शॉपला त्याला फिनिश करून गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या, पंपाच्या कंपन्यांना पाठवायचं हे रात्रंदिवस चालू असतं. पण आयटीआय करून नवीन आलेल्या पोराला मशीनवर उभं केलं की त्याला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावायचा, दार बंद करायचं आणि सायकल स्टार्टचं बटन दाबायचं एवढंच शिकवतात. स्क्रीनवर ज्या ओळी पळतात त्या काय सांगतात हे कोण सांगत नाही, सुपरवायझरला टार्गेट असतं, सेटरला वेळ नसतो आणि काही जुनी माणसं मुद्दाम सांगत नाहीत. मी सांगायचो. माझ्याकडं ट्रेनी आला की चहाच्या सुट्टीत कागदावर काढून दाखवायचो, आणि तेच तेच इतक्या वेळा सांगावं लागायचं की एका पोरानंच म्हटलं, दादा हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा की, आम्ही घरी जाऊन परत बघू. सुरुवात ही अशी झाली, पैसे तेव्हा डोक्यात पण नव्हते.

पण कंपनीत मोबाईल चालत नाही. आणि चालला असता तरी कस्टमरचा जॉब आणि कस्टमरचं ड्रॉइंग कॅमेऱ्यात घेणं चुकीचंच, ते आपल्या मालकीचं नाही, त्यावर सह्या केलेल्या असतात. जे कोणी आपल्या नोकरीतलं ज्ञान व्हिडिओत मांडायचं म्हणताहेत त्यांनी हे आधी डोक्यात पक्कं करा, ज्ञान आपलं, ड्रॉइंग कंपनीचं. उद्यमनगरात एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, त्याच्याकडं एक व्हीएमसी. सुट्टीच्या दिवशी तासाचा दर ठरवून त्याला पैसे देऊन मी मशीन घ्यायला लागलो, फुकट दे म्हणालो असतो तर त्यानं दिलं असतं पण मग आठवड्याला मागता आलं नसतं. ॲल्युमिनिअमचे भंगारातले तुकडे आणायचे, ड्रॉइंग स्वतः काढायचं आणि त्यावर शिकवायचं. कूलंटच्या, म्हणजे टूल थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याच्या, आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून मशीन चालू असतानाचं वेगळं शूट आणि बोलणं घरी, पंखा बंद करून, पोरगं झोपल्यावर.

आजसुद्धा सगळ्यात जास्त बघितला जाणारा माझा व्हिडिओ कुठला तर दशांश पॉइंटचा. मशीनवाल्यांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो, कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, फानुक ही तो बनवणारी कंपनी, आणि झेड म्हणजे टूलची वर-खाली दिशा. बऱ्याच फानुक कंट्रोलवर तुम्ही झेड ५० लिहिलं आणि पुढं पॉइंट दिला नाही तर मशीन ते ५० मिलिमीटर समजत नाही, ५० मायक्रॉन समजतं, म्हणजे ०.०५० मिलिमीटर. आता विचार करा, पोराला टूल जॉबच्या वर ५० मिलिमीटर उचलायचं होतं, त्यानं जी ०० झेड ५० लिहिलं, टूल उचललं गेलं केसभर, आणि पुढच्याच ओळीत एक्सला रॅपिड, म्हणजे आडवं फुल स्पीडनं. जॉब धरणारा क्लॅम्प आडवा आला की टूल गेलं, होल्डर गेला, कधी स्पिंडलला मार बसतो आणि मग त्या पोराला जी बोलणी बसतात ती मी ऐकलेली आहेत. व्हिडिओत मी हे करून दाखवलं. क्लॅम्प बाजूला काढला, सिंगल ब्लॉकवर टाकलं म्हणजे एका वेळी एकच ओळ चालते, रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे वेगाचं बटन, सगळ्यात खाली, एक ओळ पुढं गेलो आणि कॅमेरा स्क्रीनवर नेला, झेडसमोर ०.०५०. मग टूल आणि जॉबच्या मधे वहीचा कागद घालून दाखवला, तो पण आत शिरत नाही. मग त्याच ओळीत ५० पुढं पॉइंट दिला आणि परत चालवलं, टूल सरळ वर. काही कंट्रोलवर पॅरामीटर बदललेला असतो, तिथं पॉइंट नसला तरी मिलिमीटरच धरतं, तेही सांगितलं, म्हणून सवय अशी लावा की पॉइंट द्यायचाच. बस एवढंच आहे त्यात. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर कुठून कुठून पोरं त्याखाली लिहितात, आणि बरीचशी रात्री दोन-तीनच्या सुमाराला, म्हणजे थर्ड शिफ्टला मशीनपाशी अडकलेली.

यातून मला जे कळलं ते असं की लोक शोधत येतात असा विषय धरायचा. गाजणारा विषय दोन दिवस पळतो आणि मरतो. पॉइंट का द्यायचा, जी ४१ आणि जी ४२ ह्या आज्ञांमधे टूल कुठल्या बाजूला जातं, जी ५४ ऑफसेट, म्हणजे जॉबचा शून्य, कसा घ्यायचा, लेथवर जी ७१ ची दोन ओळींची सायकल कशी लिहायची, हे दरवर्षी नवीन बॅचला अडणारच आहे. असे व्हिडिओ टाकून ठेवले की ते आपापलं काम करत राहतात. बाकी थंबनेल, हॅशटॅग वगैरे फार डोक्याला लावून घेतलं नाही मी.

हिंदीत कर, दहापट लोक बघतील, असं खूप जणांनी सांगितलं. खोटं नाही ते. पण मला शिकवायला येतं ते मराठीत, गडहिंग्लजच्या पोराला जे मी त्याच्या भाषेत सांगू शकतो ते दुसरं कोणी सांगत नव्हतं. आणि हिशेबानंसुद्धा ते बरोबर ठरलं, कारण बघणारे कमी असले तरी ते विश्वास ठेवून विकत घेणारे निघाले.

आता पैशाचं. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. ४००० तास ऐकायला ठीक वाटतं पण मिनिटं करा, २ लाख ४० हजार. एका माणसानं सरासरी ४ मिनिटं बघितलं असं धरलं तर ६० हजार वेळा बघितलं गेलं पाहिजे, आणि शॉर्ट्सच्या फीडमधे बघितलेला वेळ ह्या ४००० तासांत धरत नाहीत. बरेच जण शॉर्ट्स टाकून सबस्क्रायबर गोळा करतात आणि तासांपाशी अडकतात. जाहिरातीच्या पैशातला ५५ टक्के वाटा मोठ्या व्हिडिओवर आपल्याला, शॉर्ट्सवर ४५ टक्के. ते सगळं खरं, पण मराठीतल्या टेक्निकल चॅनेलला हजार व्ह्यूमागं जे पडतं ते ऐकून तुमचा उत्साह जाईल. शिवाय दिवाळीच्या आसपास दर चढतो आणि जानेवारीत खाली येतो. माझ्या आजच्या कमाईत जाहिरातीचा वाटा चौथा हिस्सा पण नाही, हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं जमलं असतं तर.

पहिले पैसे हातात यायलाही बरंच काय काय करावं लागतं. ॲडसेन्सला, म्हणजे गूगलच्या जाहिरातीच्या पैशाच्या खात्यात, १० डॉलर जमले की ते घरच्या पत्त्यावर एक पिन पाठवतात, साध्या पोस्टानं. आमचा पत्ता म्हणजे पेठेतली गल्ली, घर नंबर जुना, तालमीच्या मागं असं सांगितलं की सगळं कोल्हापूर येईल पण इंग्रजी फॉर्ममधे तालीम कुठं लिहिणार. मी तरी लिहिली, दुसऱ्या ओळीत. आणि पोस्टमनमामांना गाठून सांगून ठेवलं की असं असं परदेशी दिसणारं पातळ पाकीट येईल, रजिस्टर नसेल, सही नसेल, पण ते हातात द्या. त्यांनी खरंच घरी आणून आईच्या हातात दिलं आणि विचारलं, पोरगं परदेशी चाललंय काय. कडेनं फाडायचा साधा कागद, आत सहा आकडी नंबर. आई म्हणाली एवढ्यासाठी एवढी वाट बघत हुतास व्हय. पण हा नंबर टाकल्याशिवाय पुढं काही सरकत नाही, चार महिने नाही टाकला तर जाहिरातीच बंद पडतात.

बँकेचंही बघून ठेवा. पगार माझा एका सहकारी बँकेत व्हायचा, तिला परदेशातून पैसे घ्यायला लागणारा स्विफ्ट कोड नव्हता, त्यामुळं डॉलर घेणारं वेगळं खातं दुसऱ्या बँकेत उघडावं लागलं. पैसे पहिल्यांदा आले की बँक विचारते हे कशाचे, परदेशातून का आले, त्याचा पर्पज कोड द्यावा लागतो, कागद भरून दिला की पुढच्या वेळी त्रास नाही. मग अमेरिकेचा टॅक्स फॉर्म, डब्ल्यू ८ बेन म्हणतात त्याला, तो यूट्यूबच्याच पेजवर भरायचा, पॅन नंबर टाकायचा आणि भारत-अमेरिका टॅक्सचा करार लागू म्हणून सांगायचं. मग फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या पैशातले १५ टक्के तिकडं कापले जातात, माझ्यासारख्याला ते नसल्यातच जमा. फॉर्म भरलाच नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्के कापू शकतात. म्हणून हा फॉर्म टाळू नका, इंग्रजी वाचून घाबरायला होतं पण पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आणि १०० डॉलर पुरे झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, निघाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेत पाठवतात.

ही तारीख मला वडिलांसाठी महत्त्वाची ठरली. त्यांचा नोकरी सोडायला विरोध होता आणि त्यांचं म्हणणं एकच, "पगाराला तारीख असत्या. ह्येला तारीख हाय का?" माणूस चुकीचं बोलत नव्हता. दूधवाल्याला, पोराच्या शाळेला, गॅसला तारीख असते. म्हणून मी ठरवलं की नोकरी चालू असतानाच हे पैसे घरात आणायचेच नाहीत, वेगळ्या खात्यात साठू द्यायचे आणि बघायचं. सगळ्यात चांगला महिना बघून निर्णय घ्यायचा नाही, वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरायचा. त्या वाईट महिन्याच्या पैशात किराणा, लाईट बिल, शाळा, आईच्या गोळ्या आणि पेट्रोल भागतंय का, एवढाच प्रश्न. बायकोनं वहीत लिहून ठेवलं. पहिल्या वर्षी भागत नव्हतं, म्हणून सोडली नाही, सरळ गोष्ट. भागायला लागलं ते पीडीएफ आल्यावर.

पीडीएफ अशी आली की पोरं खाली लिहायची, सर सरावाला ड्रॉइंग द्या. आयटीआयत असतं ते पुस्तकी, आणि कंपनीतलं देता येत नाही. मग मी सोप्यापासून अवघडपर्यंत ड्रॉइंग स्वतः काढली, प्रत्येकाला प्रोग्राम, प्रत्येक ओळीसमोर मराठीत ती ओळ काय करते ते, आणि शेवटी टूल ठोकण्याची शक्यता कुठं आहे ते. प्रत्येक प्रोग्राम त्या मित्राच्या मशीनवर चालवून बघितला, न चालवलेला एक पण ठेवला नाही, त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तेच विकलं जातंय असं मला आजही वाटतं. किंमत १९९ ठेवली, म्हणजे ट्रेनीला परवडेल. सुरुवातीला यूपीआयचा स्क्रीनशॉट आला की मी हातानं मेल करायचो, सेकंड शिफ्टवरून रात्री घरी येऊन जेवायच्या आधी पाच-सहा मेल. नंतर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, घेतला, केवायसी झाली, दोन टक्क्यांच्या आसपास ते घेतात आणि त्या फीवर जीएसटी, पण पैसे पडले की पीडीएफ आपोआप जाते. रात्री झोपलेलो असताना खरंच पैसे येतात हे त्या दिवसापासून सुरू झालं.

मग ती पीडीएफ एका ग्रुपवर फुकट फिरताना दिसली. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं, कारण फिरवणाऱ्यानं वर स्वतःचं नाव टाकलेलं. आता विकत घेणाऱ्याचा मोबाईल नंबर प्रत्येक पानाच्या खाली छापून जातो, त्यानं पूर्ण थांबत नाही पण लोक पुढं पाठवताना दोनदा विचार करतात. त्याच दरम्यान एका आयटीआयच्या निदेशक सरांचा फोन आला, वर्गात वापरू का म्हणून परवानगी मागायला. त्यांना मी पैसे घेतले नाहीत. परवानगी मागितली यातच मला सगळं मिळालं.

राजीनाम्याचं नीट सांगतो, कारण ऑनलाइन कमाईचं सांगणारे लोक हा भाग सांगतच नाहीत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी सलग ५ वर्षं झाल्यावर लागू होते. हिशेब असा, शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. समजा बेसिक डीए धरून १५ हजार आहे आणि ८ वर्षं झाली तर ६९ हजार २३० रुपये होतात. पाच वर्षांना थोडेच महिने कमी असताना कंटाळून सोडून गेलेले लोक मी बघितलेत, हे पैसे आपल्या घामाचे आहेत, घेऊनच निघायचं. पीएफ मी काढला नाही. तो तसाच ठेवला तर व्याज चालू राहतं, आणि ५ वर्षं सलग सेवा नसताना काढला तर त्यावर टॅक्स लागतो. पेन्शनसाठी १० वर्षं सेवा लागते, माझी तेवढी नव्हती, म्हणून पेन्शनचे पैसे काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं, पुढं कधी परत नोकरी केली तर मागची वर्षं धरली जातात. आणि कंपनीकडून एक्झिटची तारीख यूएएनमधे, म्हणजे पीएफच्या ऑनलाइन खात्यात, चढली का ते निघतानाच बघून घ्या, नंतर एचआरचा फोन लागत नाही.

सगळ्यात मोठी काळजी दवाखान्याची. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. ज्यांचा पगार २१ हजारच्या आत त्यांचं ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असतं, तेही नोकरीबरोबर जातं, थोडा काळ लाभ मिळतो तेवढाच. आईला बीपी आहे, आणि आधीपासूनच्या आजाराला विमा कंपनी ३ वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लावू शकते. म्हणून पॉलिसी राजीनाम्याच्या खूप आधी घेऊन ठेवली, नोकरी चालू असताना तो काळ जेवढा सरकेल तेवढा सरकावा म्हणून. हप्ता दोन्हीकडं गेला, जाऊ दे. याच्यावर कोणी वाद घालायला आलं तरी मी ऐकत नाही.

कर्जाचं पण तसंच. पगाराची स्लिप हातात आहे तोवर बँक विचारते, स्लिप गेली की ती दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. घराच्या वरच्या मजल्याचं काम होतं, ते आम्ही आधी उरकून घेतलं. राजारामपुरीतल्या सीएंनी सांगितलं की हे आता व्यवसायाचं उत्पन्न, पगारासारखं टीडीएस कापून मोकळं होणार नाही, वर्षाचा टॅक्स १० हजारच्या वर जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा. नेहमीचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सेवांना जीएसटीची नोंदणी साधारण २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण तुमचं कुणीकडनं काय येतंय यावर नियम बदलतात, म्हणून ते सीएला विचारा, मला नको.

सोडल्यानंतरचे पहिले काही महिने गल्लीत अवघड गेले. सकाळी साडेसहाला बाहेर पडणारा माणूस दहा वाजता दारात दिसला की लोक विचारणारच. "का रं, आज सुट्टी हाय व्हय?" रोज. काकांनी तर घरी येऊन बसून विचारलं, नोकरी सोडलास म्हणं, कंपनीत काय भांडाण झालं काय. आईला बाहेर काय सांगायचं ते कळत नव्हतं, ती म्हणायची क्लास घेतोय कॉम्प्युटरवर. ते खरंच होतं की. तिच्या मनानं जे नाव दिलं तेच आम्ही सगळ्यांनी धरलं.

आता एक गोष्ट रागानं लिहितोय. पॅसिव्ह इन्कम म्हणून जे काही इथं विकलं जातंय त्यातलं किती फसवं आहे ते बघून जीव जळतो. हॉटेलच्या हॉलमधे सेमिनार, चहा-बिस्कीट, स्टेजवर एक जण स्वतःच्या गाडीचे फोटो दाखवतो आणि शेवटी कोर्स घ्या, आणि कोर्समधे काय तर हाच कोर्स पुढं चार जणांना विका. मी एकदा बसून आलोय, तीन तासांत त्या माणसानं एक पण वस्तू, एक पण कला सांगितली नाही जी त्याला येते. आणि दुसरं ते टास्कवालं. मेसेज येतो, व्हिडिओला लाईक करा आणि पैसे घ्या. पहिले दोन-तीनदा खरंच शंभर-दीडशे टाकतात. मग म्हणतात प्रीपेड टास्क, आधी हजार भरा, तेराशे घ्या. मग पाच हजार, मग पन्नास, स्क्रीनवर तुमची कमाई वाढलेली दिसते पण काढायला गेलं की आणखी भरा. आमच्या गल्लीतल्या एका पोराचे बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे असे गेले. तो आठवडाभर कुणाला बोलला नाही, आणि तेवढ्यात जे काही थांबवता आलं असतं ते गेलं. कुणाचं असं झालं तर लाज बाजूला ठेवा आणि त्याच तासाला १९३० ला फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. सरकारी सायबर क्राइमच्या पोर्टलवर पण तक्रार होते. आणि घरात ज्यांना हे माहीत नाही त्यांना आजच्या आज सांगा.

आत्ता माझा आठवडा कसा असतो ते सांगतो. पैसे झोपेत येतात, पण ते तसे येत राहावेत म्हणून रोज बसावंच लागतं. सकाळी प्रश्नांची उत्तरं, कारण पोरं प्रोग्रामचे फोटो पाठवतात आणि त्या वेळी त्यांचं मशीन बंद असतं. मग एखाद्या नवीन ड्रॉइंगचं काम. रेकॉर्डेड कोर्समधले काही धडे परत करतोय, कारण बऱ्याच कंपन्यांत आता सिमेन्सचा कंट्रोल आहे आणि तिथं ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात. आणि आठवड्यातले एक-दोन दिवस मी अजून मशीनवर जातो, उद्यमनगरातल्या दोन-तीन वर्कशॉपची प्रोग्रामिंगची कामं घेतो. त्याचे पैसे मिळतात हे आहेच, पण पैशासाठीच जात नाही. मशीनवर हात राहिला नाही की शिकवणं पोकळ व्हायला लागतं, नवीन इन्सर्ट, म्हणजे टूलला लावायची बदलती धार, काय आलाय, पोरं आता कुठं अडतात, हे खुर्चीत बसून कळत नाही. वर्कशॉपमधे कुणीतरी अडतं, मी तिथंच सोडवतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ होतो. तेलाचा वास असलेला शर्ट घरी आला की वडील खूश होतात, तेवढं पण आहे.

एकटेपणा मात्र जाणवला. शॉपमधे दिवसभर माणसं असतात, डबा एकत्र खायचा, कुणाच्या डब्यात काय ते सगळ्यांना माहीत. घरी लॅपटॉपसमोर जेवायला नको वाटायचं. म्हणून दुपारचं जेवण मी आणि वडील एका वेळी करतो आता, आणि संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर, जुने शॉपवाले दोघं-तिघं तिथं भेटतात.

त्यातलाच एक जण गेल्या महिन्यापासून मागं लागलाय. चांगला ग्राइंडर आहे, सरफेस ग्राइंडिंगमधे, म्हणजे फिरत्या चाकानं जॉब घासून सपाट करण्यात, त्याच्यासारखा हात मी बघितला नाही, आणि त्याच्यावर मराठीत शोधलं तर फार काही सापडत नाही. राजीनामा लिहून खिशात घेऊन आला होता. मी कागद वाचला आणि पहिलं विचारलं किती वर्षं झाली. साडेचार. म्हटलं कागद घरी ठेव, आधी पाच पुरी कर, वहिनींना विचारून वाईट महिन्याचा खर्च लिही, आई-वडिलांची पॉलिसी काढ, आणि या सुट्टीला वर्कशॉपला ये, व्हील ड्रेसिंगचा, म्हणजे ते चाक परत नीट करायचा, पहिला व्हिडिओ मी शूट करून देतो. तो म्हणाला मला कॅमेऱ्यासमोर बोलायला येत नाही. म्हटलं तोंड दाखवायचंच नाही, हात दाखव. रविवारी नऊला येतोय.